वाळूच्या बेटावरील मुक्काम

वाळवंट हा शब्द मराठीत दोन अर्थांनी योजला जातो. राजस्थानातील मरुभूमीस वाळवंट म्हणतात, आणि पंढरपुरास चंद्रभागेच्या काठी जी वाळू पसरलेली असते तिलाही वाळवंटच म्हणतात. जालना जिल्ह्यास समुद्र नाही व मरुभूमीही नाही. परंतु हे दुसऱ्या प्रकारचे वाळवंट त्याच्या दक्षिण सीमेवर आहे. अंबड, घनसावंगी व परतूर या तालुक्यांच्या कडेने गोदावरी पश्चिमेकडून पूर्वेकडे वाहत जाते. पावसाळा सरून पाणी ओसरले म्हणजे तिच्या पात्रात ठिकठिकाणी वाळूचे उंचवटे उघडे पडतात, आणि त्यांच्या दोन्ही अंगांनी पाण्याच्या धारा वाहत असल्या की त्यांस बेटाचे रूप येते. जालन्याहून अंबडमार्गे शहागडचा पूल अवघा पन्नास-पंचावन्न किलोमीटरांवर आहे. तेव्हा चारही चाकांना जोर पोहोचविणारी मोटार ज्यांच्या घरी आहे, अशा हौशी मंडळींच्या मनात त्या बेटावर गाडी न्यावी, तंबू ठोकावा व एक-दोन रात्री तेथेच काढाव्यात असा विचार आला तर नवल नाही. हा बेत वाटतो तितका सोपा नाही. तो कसा आखावा, आणि त्यातील कोणता भाग मुळीच करू नये, याचा विचार येथे करावयाचा आहे.

अशा प्रवासाचे जगातील सर्वांत प्रसिद्ध स्थान ऑस्ट्रेलियाच्या क्वीन्सलंड प्रांताच्या किनाऱ्याजवळ आहे. तेथील बेटास पूर्वी फ्रेझर बेट म्हणत. २०२३ साली त्याचे मूळचे आदिवासी नाव, क'गारी, सरकारी दप्तरी पुन्हा रूढ करण्यात आले. सुमारे १२० किलोमीटर लांबीचे हे बेट जगातील सर्वांत मोठे वाळूचे बेट होय, व १९९२ साली त्याची गणना जागतिक वारशात झाली. मोटारी नावेतून बेटावर उतरवितात, आणि पूर्वेकडील समुद्रकिनारा हाच तेथील हमरस्ता आहे. गाडी नेण्यास परवाना लागतो, तंबू ठोकण्यास निराळा परवाना लागतो, आणि तेथील रानकुत्र्यांना मोह पडू नये म्हणून अन्न बंदिस्त ठेवावे लागते. इतकी व्यवस्था असूनही तेथे दरवर्षी गाड्या रुततात. ज्यांच्या गाड्या रुतत नाहीत ते वाळू, ओझे व पाणी या तीन गोष्टी आधी समजून घेऊन मगच निघालेले असतात. गोदावरीच्या बेटासही याच तीन गोष्टी लागू पडतात; मात्र पाण्याच्या बाबतीत गोदावरीचा नियम अगदी निराळा आहे.

प्रथम वाळूचा विचार करू. चाक वाळूत रुतते ते गाडी जड असते म्हणून, असे सामान्यतः समजतात. ते अर्धेच खरे आहे. भार किती जागेवर विभागला जातो यावर चाकाचे रुतणे अवलंबून असते. उंटाचा तळवा रुंद व मऊ असल्यामुळे उंट वाळूवरून सुखाने चालतो, आणि त्याच वाळूत घोड्याचा खूर खोल जातो. मोटारीस हा रुंद तळवा देण्याचा उपाय म्हणजे टायरमधील हवा कमी करणे. समजा गाडीचे वजन सामानासह २,००० किलो आहे आणि टायरमध्ये ३२ पौंड हवा आहे. हा दाब दर चौरस सेंटिमीटरास सुमारे सव्वादोन किलो होतो. म्हणजे चारही चाके मिळून जमिनीस टेकणारी जागा साधारण ८९० चौरस सेंटिमीटर झाली. हवा १६ पौंडांवर आणली की तीच जागा जवळजवळ दुप्पट होते. टायरच्या अंगच्या ताठरपणामुळे प्रत्यक्षातील आकडे थोडे बदलतात, परंतु तत्त्व हेच. म्हणून वाळूत शिरण्यापूर्वी हवा १८ ते २० पौंडांपर्यंत उतरवावी, वाळू फारच सैल असल्यास १५-१६ पर्यंत आणावी, त्याखाली सहसा जाऊ नये. कारण हवा फार कमी झाली तर वळताना टायर रिंगेवरून निसटतो. कमी हवेवर गाडी वेगाने हाकू नये, आणि डांबरी सडकेवर परत येताच हवा पूर्ववत भरावी. त्यासाठी हवा भरण्याचा छोटा पंप व दाब मोजण्याचे मापक जवळ असलेच पाहिजे.

चारही चाकांना जोर पोहोचविणाऱ्या गाड्या जगात सर्वतोमुखी झाल्या त्या दुसऱ्या महायुद्धात, अमेरिकन सैन्याच्या जीपमुळे. तिचा फायदा इतकाच की, दोन चाके रुतली तरी उरलेली दोन गाडीस ओढू शकतात. परंतु हाकणाऱ्याने घाई केली तर हीच चारही चाके एकाच वेळी खड्डा खणू लागतात. वाळूत शिरण्यापूर्वीच चारही चाकांचा जोर व हलका गिअर लावून घ्यावा. ब्रेक दाबून थांबू नये, गाडी आपोआप थांबू द्यावी. कारण ब्रेकने चाकापुढे वाळूची भिंत उभी राहते. थांबावयाचे ते उतारावर, तोंड खाली करून. चाक जागीच फिरू लागताच पाय काढावा व आलेल्या चाकोरीवरूनच हळूहळू मागे यावे. इतकेही जमले नाही तर फावड्याने चाकापुढील वाळू काढावी आणि चाकाखाली फळी सरकवावी. गोदाकाठच्या गाडीवानांस या युक्त्या नवीन नाहीत. वाळूत बैलगाडी अडली की माल उतरवावयाचा, चाकाखाली तुराट्यांच्या किंवा पऱ्हाट्यांच्या पेंढ्या घालावयाच्या आणि दुसऱ्याची बैलजोडी पुढे जुंपावयाची, ही त्यांची रीत. या दुसऱ्या जोडीप्रमाणेच दुसरी मोटारही बरोबर असावी. एकट्या गाडीने वाळूत कधीही जाऊ नये.

वाळूची जात दिवसात व जागोजागी बदलते हेही ध्यानात ठेवावे. पहाटेच्या दवाने ओलसर झालेली वाळू घट्ट असते, दुपारी वाळली की सैल होते. परंतु पाण्याच्या अगदी कडेची, पाणी पिऊन फुगलेली वाळू वरून सपाट दिसली तरी आतून राबडीसारखी असते. गोदावरीत याहून मोठा धोका वाळू उपसलेल्या खड्ड्यांचा आहे. वरून दोन वितींएवढे दिसणारे पाणी अशा खड्ड्यावर अकस्मात पुरुषभर खोल होते. म्हणून ज्या धारेतून गाडी न्यावयाची तीतून आधी माणसाने हाती काठी घेऊन चालत गेले पाहिजे, आणि त्या चालणाऱ्याबरोबर त्या गावचे भोई असावेत. कालचे पात्र आज कोठे सरकले आहे, हे त्यांच्याइतके दुसऱ्या कोणास ठाऊक नसते.

आता ओझे. वाळूत प्रत्येक किलो जड असतो. तथापि पाण्याच्या बाबतीत काटकसर करून चालत नाही. नदीत राहूनही नदीचे पाणी गाळून व उकळून घेतल्याविना पिण्याजोगे नसते. माणशी दिवसास पिण्यास व स्वयंपाकास सहा लिटर धरले तर चौघांस दोन दिवसांना ४८ लिटर, म्हणजेच ४८ किलो झाले. हे ओझे गाडीच्या टपावर न ठेवता तळाशी, दोन्ही चाकांच्या मध्ये ठेवावे. जळणाची लाकडे तेथे मिळतील असे समजू नये. लहानसा स्टोव्ह न्यावा. वाळूत तंबूचे साधे खुंटे टिकत नाहीत. त्यांच्याऐवजी वाळूने भरलेल्या पोत्यांस दोर बांधून ती पुरावीत. बूट घालण्यापूर्वी ते झटकून पाहावेत, कारण विंचू व फुरसे यांचा वावर काठावर असतो. आणि नेलेली प्रत्येक वस्तू, कचऱ्यासह, परत आणावी.

ऋतूची निवड मार्गशीर्ष-पौषात, म्हणजे डिसेंबर-जानेवारीत करावी. तेव्हा हवा थंड असते. फाल्गुनापासून पुढे ऊन तापते, आणि नदीसुरय, टिटवी यांसारखे पक्षी उघड्या वाळूवर किंवा गोट्यांत अंडी घालतात. ती वाळूच्या रंगाची असल्यामुळे चाकाखाली केव्हा चिरडली गेली हे कळतही नाही. पावसाळ्यात तर पात्रात उतरण्याचा विचारच नको.

निघण्यापूर्वी तहसील कार्यालयास लेखी कळवून परवानगी घ्यावी व जवळच्या पोलीस ठाण्यास आणि गावच्या पोलीस पाटलांस सांगून ठेवावे. परवान्याविना वाळूची उचल करणे १९६६ च्या महाराष्ट्र जमीन महसूल संहितेप्रमाणे दंडास पात्र आहे. पात्रात रात्री गाडी दिसली की गावकऱ्यांस व अधिकाऱ्यांस संशय येणे स्वाभाविक होय. परवानगी न मिळाल्यास गाडी काठावर ठेवावी व पायीच जावे.

आता तिसरी व सर्वांत महत्त्वाची गोष्ट, पाणी. क'गारी बेटावर प्रवासी समुद्राच्या शेजारी राहतात, तरी त्यांस रात्री निश्चिंत झोप लागते. याचे कारण असे की, समुद्र आपले वेळापत्रक आधीच सांगतो. भरती चंद्राच्या गतीने येते. एका भरतीपासून दुसरीपर्यंत सुमारे १२ तास २५ मिनिटे जातात, आणि दुसऱ्या दिवशी तीच भरती पाऊण-एक तास उशिरा येते. अमावास्या-पौर्णिमेस उधाण येते व अष्टमीच्या सुमारास भांगाची भरती असते, हे कोकणातील कोळ्यांस पंचांग न उघडताही ठाऊक असते. त्या बेटावरील प्रवाशांनी भरतीच्या दोन तास अलीकडे व दोन तास पलीकडे किनाऱ्यावर गाडी हाकू नये असा तेथील दंडक आहे. वादळाचा प्रसंग सोडला तर इतके पाळणे पुरते.

गोदावरीचे तसे नाही. शहागडच्या वर पैठण येथे जायकवाडीचे धरण आहे. त्याची कोनशिला १९६५ साली लालबहादूर शास्त्री यांच्या हस्ते बसविली गेली व १९७६ साली इंदिरा गांधी यांच्या हस्ते त्याचे उद्घाटन झाले. त्यास २७ दरवाजे आहेत. त्याच्या खाली आपेगाव, हिरडपुरी, जोगलादेवी, मंगरूळ, राजाटाकळी, लोणी सावंगी असे बंधारे एकामागून एक पात्रात उभे आहेत. या दरवाजांतून पाणी केव्हा सुटेल हे चंद्र सांगत नाही व पंचांगही सांगत नाही. नाशिक व अहिल्यानगर जिल्ह्यांच्या घाटमाथ्यावर पाऊस कोसळला की तो दारणा, प्रवरा, मुळा या नद्यांतून जायकवाडीत उतरतो. धरण भरलेले असल्यास तो पुढे सोडावाच लागतो. त्या वेळी अंबडच्या आकाशात एक ढगही नसेल! उन्हाळ्यात आणि हिवाळ्यातही खालच्या बंधाऱ्यांसाठी वा गावांच्या पिण्यासाठी पात्रात पाणी सोडण्याचा प्रसंग येतो.

या सोडलेल्या पाण्याचे माप क्युसेकमध्ये सांगतात. एक क्युसेक म्हणजे सेकंदास एक घनफूट, सुमारे २८ लिटर. दहा हजार क्युसेक म्हटले की सेकंदास पावणेतीन लाख लिटरांहून अधिक पाणी झाले. ऑगस्ट २००६ मध्ये जायकवाडीतून दोन लाख क्युसेकहून अधिक पाणी सोडावे लागले आणि पैठण शहरात पूर शिरला. सप्टेंबर २०२५ च्या पुरातही गोदाकाठच्या गावांतील लोकांस घरे सोडून हलावे लागले. ही मोठ्या पुरांची उदाहरणे झाली. परंतु बेटावरील माणसाचा घात होण्यास इतके पाणी लागत नाही. बेट आणि काठ यांमधील धार गुडघ्यापासून कमरेपर्यंत चढली की मोटारीचा मार्ग बंद होतो. बेट तसेच कोरडे दिसत असते, तंबू उभा असतो, चहा उकळत असतो. परतण्याची वाट मात्र नाहीशी झालेली असते. दिवसा हे डोळ्यांस दिसते. रात्री झोपलेल्या माणसास ते पाणी अंथरुणाशी आल्यावर कळते.

यावरून जालना जिल्ह्यातील अशा सहलीचा नियम स्पष्ट होतो. निघण्याच्या आदल्या दिवशी आणि त्याच दिवशी सकाळी जलसंपदा विभागाकडे किंवा तहसील कार्यालयात विसर्गाची चौकशी करावी. वरच्या धरणांचा साठा व नाशिककडील पाऊस पाहावा. बेटावर पोहोचताच पाण्याच्या कडेस एक काठी रोवावी, तीवर खूण करावी, आणि दर अर्ध्या तासाने एकाने ती पाहावी. पाणी बोटभर जरी चढले, किंवा स्वच्छ धार गढूळ होऊन तीतून काटक्या व फेस वाहू लागला, तरी भांडीकुंडी तेथेच टाकून निघावे. गाडीचे तोंड पहिल्यापासून काठाकडे करून ठेवावे. डिसेंबरात सूर्य सहाच्या आत मावळतो, म्हणून चार वाजता बेट सोडावे. आणि तंबू ठोकावयाचा तो बेटावर न ठोकता काठाच्या उंच दरडीवर, पुराच्या खुणेच्या वर ठोकावा.

काहींस असे वाटेल की, बेटावर रात्र न काढल्यास या सहलीतील गोडीच गेली. परंतु दरडीवर बसून पाहिले तर नदीचे पात्र अधिक मोकळे दिसते, आणि पौषातील चांदणे वाळूवर पडते ते तेथूनच पुरते नजरेत येते. सकाळी वाळू ओलसर व घट्ट असताना पुन्हा बेटावर जाता येते, मुलांस वाळूत पक्ष्यांची पावले दाखविता येतात आणि दुपारपर्यंत परत फिरता येते. गोदाकाठी ज्यांच्या पिढ्या गेल्या ते लोक पात्रात टरबुजांच्या वाड्या करतात, मासे धरतात, वाळूत दिवसभर राबतात; मात्र त्यांची घरे दरडीवरच असतात.