रूळ गेले, वाट उरली: इंग्लंडच्या सरोवरप्रदेशातून सायकलने

इंग्लंडच्या वायव्येला, आयरिश समुद्राच्या काठी, व्हाइटहेवन नावाचं जुनं कोळशाचं बंदर आहे. उन्हाळ्यात तिथल्या उतरत्या धक्क्यावर सायकलस्वार येतात, सायकलचं मागचं चाक समुद्राच्या पाण्यात बुडवतात आणि पूर्वेकडे निघतात. सुमारे २२५ किलोमीटर पलीकडे, संडरलंड किंवा टाइनमथच्या किनाऱ्यावर, पुढचं चाक उत्तर समुद्रात बुडालं की प्रवास पुरा झाला. बहुतेकांना त्याला तीन ते पाच दिवस लागतात. ‘सी टू सी’ नावाचा हा मार्ग १९९४ साली खुला झाला आणि आज ब्रिटनमधल्या लांब पल्ल्याच्या सायकलमार्गांमध्ये तो सर्वांत लोकप्रिय मानला जातो.

मार्गाच्या जाहिरातीत सरोवरं असतात, डोंगर असतात, दगडी कुंपणांमधून जाणारी चिंचोळी सडक असते. हे सगळं वाटेत खरोखर भेटतं. पण या मार्गाचा इतिहास वाचत गेलं की त्याखाली एक जुनं भांडण सापडतं. निसर्गाचं सौंदर्य सर्वांसाठी खुलं करायचं, तर ते टिकवायचं कसं? दीडशे वर्षांहून अधिक काळ या प्रदेशात त्यावर वाद झाले, चळवळी झाल्या, कायदे झाले. माझ्या मते त्या प्रश्नाचं सर्वांत शहाणं उत्तर या साध्या सायकलवाटेने दिलं आहे.

लोखंडाची वाट

व्हाइटहेवन सोडल्यावर पहिले काही मैल सायकल सपाट, झाडीतल्या वाटेने चालते. ही वाट म्हणजे १८५० च्या दशकात घातलेल्या रेल्वेचा पाया. क्लीटर मूर, रौरा या परिसरात हेमटाइट हे लाल लोहखनिज निघायचं. १८५६ मध्ये हेन्री बेसेमरने पोलाद बनवण्याची नवी पद्धत जाहीर केली. तिला फॉस्फरस फार कमी असलेलं खनिज लागे, आणि ते नेमकं इथे होतं. त्यामुळे या कोपऱ्याला एकदम महत्त्व आलं. मार्गाची दुसरी सुरुवात ज्या वर्किंग्टन गावातून होते, तिथे तयार झालेले रेल्वेचे रूळ पुढे जगभर गेले.

भट्ट्यांना लागणारा चांगला कोक मात्र देशाच्या पूर्वेला, डरहॅममध्ये होता. तो इकडे आणायचा आणि इकडचं खनिज तिकडे न्यायचं, या हिशेबाने कॉकरमथ–केझिक–पेन्रिथ ही रेल्वे आखली गेली. १८६४ मध्ये तिच्यावरून मालगाड्या आणि १८६५ च्या जानेवारीत प्रवासी गाड्या सुरू झाल्या. अभियंता होता टॉमस बाऊच. १८७९ मध्ये वादळात गाडीसकट कोसळलेला टे नदीवरचा पूल त्याचाच, म्हणून इतिहासात त्याचं नाव डागाळलेलं राहिलं. त्याची दुसरी काही कामं मात्र उभी राहिली, आणि त्यांतल्या दोन कामांवरून सायकलस्वार आजही जातात. आज सहलीचे लोक ज्या दोन समुद्रांच्या दरम्यान प्रवास करतात, त्यांच्याच दरम्यान कित्येक दशकं कोक आणि खनिज ये-जा करत होतं.

सरोवरांच्या काठाने

रौरापासून डोंगर जवळ येऊ लागतात. लोझवॉटरचं लहान, शांत सरोवर, मग लॉर्टनचं खोरं, आणि तिथून व्हिनलॅटर खिंडीचा चढ. खिंडीची उंची अवघी ३१८ मीटर. आपल्या घाटांपुढे हा आकडा किरकोळ वाटेल. पण सकाळी समुद्रसपाटीवरून निघालेल्या आणि सामान लादलेल्या सायकलला हा चढ पुरेसा जड जातो. खिंडीतलं जंगल पहिल्या महायुद्धानंतर, लाकडाच्या टंचाईने जागं झालेल्या सरकारने लावलं. उतरताना खाली बॅसनथवेट सरोवर दिसतं, पुढे केझिक गाव आणि त्याला लागून डरवेंटवॉटर.

मघाच्या भांडणाचं केंद्र हाच परिसर. कवी वर्ड्सवर्थ इथलाच, कॉकरमथमध्ये जन्मलेला. सरोवरांच्या या प्रदेशाबद्दल लिहिलेल्या मार्गदर्शक पुस्तकात त्याने एक धीट कल्पना मांडली होती: ज्याला बघायला डोळे आणि आनंद घ्यायला मन आहे, अशा प्रत्येकाचा या भूमीवर हक्क आहे, ही जणू राष्ट्राची मालमत्ता आहे. पण १८४४ मध्ये केंडलहून विंडरमिअरपर्यंत रेल्वे येणार असं ठरलं, तेव्हा चौऱ्याहत्तर वर्षांच्या याच राजकवीने वर्तमानपत्रातून तिला कडाडून विरोध केला. निसर्ग पाहण्याची दृष्टी हळूहळू तयार होते, गाड्या भरभरून माणसं आणल्याने ती येत नाही, असं त्याचं म्हणणं. गिरणीत राबणाऱ्या माणसाला एक दिवस तळ्याकाठी घालवता येऊ नये काय, असा सवाल विरोधकांनी केला. तो सवाल रास्त होता. सरोवरांची शांतता मोडेल ही वर्ड्सवर्थची भीतीही रास्त होती. रेल्वे १८४७ मध्ये आलीच. पण ती विंडरमिअरला थांबली, आतल्या खोऱ्यांत शिरली नाही.

पुढची फेरी १८८३ मध्ये झाली. हॉनिस्टरच्या खाणीतली पाटीची फरशी वाहून नेण्यासाठी बटरमिअर ते ब्रेथवेट अशी रेल्वे घालायचं ठरत होतं. हार्डविक रॉन्सली नावाच्या पाद्र्याने मोहीम उघडली आणि योजना मागे घ्यायला लावली. हाच रॉन्सली नंतर केझिकजवळच्या क्रॉस्थवेट चर्चचा धर्मगुरू झाला. ऑक्टेव्हिया हिल आणि रॉबर्ट हंटर यांच्यासह त्याने १८९५ मध्ये ‘नॅशनल ट्रस्ट’ स्थापन केला. जमीन विकत घ्यायची आणि ती कायमची लोकांसाठी खुली ठेवायची, हे ट्रस्टचं सूत्र. १९०२ मध्ये वर्गणी गोळा करून डरवेंटवॉटरच्या काठावरची ब्रॅंडेलहाउची जमीन घेतली गेली. १९५१ मध्ये हा प्रदेश राष्ट्रीय उद्यान झाला, २०१७ मध्ये जागतिक वारसास्थळ.

यात वर्ड्सवर्थच्या दोन्ही इच्छा हळूहळू एकत्र येताना दिसतात: हक्क सर्वांचा, आणि जपणूकही. उरला प्रश्न पोहोचण्याचा. रेल्वेच्या जागी मोटारी आल्या आणि गर्दीचं ओझं कितीतरी पटींनी वाढलं. केझिकच्या पश्चिमेला जुन्या कॉकरमथ–पेन्रिथ रेल्वेचे रूळ उखडल्यावर बॅसनथवेटच्या काठच्या त्याच पट्ट्यावरून रुंद मोटाररस्ता गेला. पूर्वेला, केझिक ते थ्रेल्केल्ड, त्याच रेल्वेचा पाया चालणाऱ्यांच्या आणि सायकलींच्या वाट्याला आला. एका रेल्वेची ही दोन मरणोत्तर आयुष्यं शेजारीशेजारी पाहिली की फरक समजावून सांगावा लागत नाही.

माळरान आणि पोलाद

पेन्रिथनंतर प्रदेश पालटतो. हार्टसाइडचा ५८० मीटर उंचीचा माथा चढला की सायकल पेनाइन्स डोंगररांगेच्या उघड्या माळरानावर येते. नेंटहेड, ऑलनहेड्स, रूकहोप ही सगळी एके काळी शिशाच्या खाणींवर जगलेली गावं. नेंटहेडच्या पुढचा ब्लॅक हिल, ६०९ मीटर, हा मार्गाचा सर्वोच्च बिंदू. वारा बहुधा पश्चिमेकडून वाहतो, म्हणून जाणकार व्हाइटहेवनहूनच निघायला सांगतात. नाहीतर या माळावर उलट्या वाऱ्याशी झुंजण्यात दिवस संपतो. हलके गिअर, ब्रेकचे नवे रबर आणि खरोखर पाणी न शिरणारं जाकीट, एवढं तरी सोबत हवंच.

स्टॅनहोपच्या वरून पुन्हा जुना रेल्वेमार्ग हाती लागतो. हा १८३४ चा, चुनखडी आणि कोळसा नेणारा. कॉन्सेटच्या अलीकडे हाउन्सगिलचा १८५८ चा बारा कमानींचा पूल लागतो. तोही बाऊचचाच. कॉन्सेटचा पोलाद कारखाना १९८० मध्ये बंद झाला, हजारो माणसं एका फटक्यात बेकार झाली, गावावर कायम बसणारी लाल धूळ नाहीशी झाली आणि तिच्याबरोबर गावाचा पगारही. त्या भागात आज टोनी क्रॅग या शिल्पकाराने घडवलेली सर्वेक्षकाची पोलादी उपकरणं उभी आहेत, मूळ आकाराच्या वीस पट मोठी. ज्यांनी ही भूमी मोजली, खणली आणि रूळांनी बांधली, त्यांची आठवण त्यांच्याच धातूत ठेवलेली आहे.

वाट कशी मिळवली

हा मार्ग उभा केला तो सस्ट्रान्स या संस्थेने. तिचं मूळ १९७७ मध्ये ब्रिस्टलला सुरू झालेल्या नागरिकांच्या गटात आहे. जॉन ग्रिमशॉ या स्थापत्य अभियंत्याच्या पुढाकाराने स्वयंसेवकांनी फावडी घेतली आणि ब्रिस्टल–बाथ या बंद रेल्वेवर सायकलवाट तयार केली. १९६३ च्या बीचिंग अहवालानंतर देशभर हजारो मैल रेल्वेमार्ग बंद झाले होते. पायाची भर होती, चढ सौम्य होते, पूल तयार होते. पण जमीन तुकड्यातुकड्याने विकली जात होती. एका शेतकऱ्याने मधला तुकडा नांगरला किंवा कुणी पूल पाडला, की अख्खी वाट तुटते. त्यामुळे या कामाचा मोठा भाग वाटाघाटींचा होता: जमीनमालक, परगण्यांचे अधिकारी, वनखातं, एकेकाशी बसून. जिथे जुना पाया मिळाला नाही तिथे कमी रहदारीच्या गावरस्त्यांनी सांधा जोडला. १९९५ मध्ये लॉटरीच्या निधीतून चार कोटींहून अधिक पौंड मिळाले आणि देशभरच्या सायकलमार्गांचं जाळं उभं राहिलं. ‘सी टू सी’ त्याचा आदर्श नमुना ठरला.

हे जाळं निर्दोष नाही. वाहनांच्या गर्दीचे रस्ते मुलाबाळांसाठी सुरक्षित नाहीत हे मान्य करून संस्थेने २०२० मध्ये त्याचा जवळपास चौथा भाग स्वतःहून वगळला किंवा वेगळ्या वर्गात टाकला. आकडा मोठा दाखवण्याचा मोह सोडून वापरणाऱ्याचा जीव मोलाचा मानणं, ही सार्वजनिक कामातली दुर्मीळ गोष्ट आहे.

पुरानंतर

५ डिसेंबर २०१५ रोजी ‘डेस्मंड’ वादळ या डोंगरांवर आलं. हॉनिस्टर खिंडीत चोवीस तासांत ३४१.४ मिलिमीटर पाऊस पडला. ब्रिटनमधला तो विक्रम आहे. २६ जुलै २००५ चे ९४४ मिलिमीटर सोसलेल्या मुंबईकरांना हा आकडा लहान वाटेल, पण इथल्या अरुंद खोऱ्यांना तो झेपला नाही. केझिकच्या ग्रेटा नदीने केझिक–थ्रेल्केल्ड रेल्वेवाटेवरचे पूल उचलून नेले, वाटेचे लचके तोडले.

मोटाररस्ता तर होताच. सायकलींसाठी पर्यायी वळण दाखवून विषय संपवता आला असता. तसं झालं नाही. स्थानिकांनी पाठपुरावा केला, पैसा जमला, नवे पूल आले. १९७० च्या दशकात रस्ता बांधताना बुजवलेला बॉबिन मिलचा बोगदाही खणून मोकळा केला गेला. पृष्ठभाग डांबरी करायला काहींचा विरोध होता. पण गुळगुळीत वाटेमुळे चाकाची खुर्ची आणि बाबागाडीही पुढे जाऊ शकते, हा मुद्दा टिकला. सुमारे ऐंशी लाख पौंड आणि बरोबर पाच वर्षं लागली. डिसेंबर २०२० मध्ये वाट पुन्हा खुली झाली.

पाच किलोमीटरच्या वाटेवर एवढा खर्च कशाला, असं विचारणारे तिथेही होते. या पाच किलोमीटरमुळे दोन समुद्र जोडलेले राहतात, हे एक उत्तर. मला दुसरं अधिक पटतं. रस्ता एकदा झाला की तो आपोआप टिकतो, कारण मोटारी त्याची मागणी करत राहतात. सायकलवाटेसाठी दर पिढीने पुन्हा ठरवावं लागतं की ती हवी आहे. केझिकने ठरवलं, आणि या वेळी चाकाच्या खुर्चीवर बसून सरोवरं पाहायला येणाऱ्यालाही त्या हक्कात धरलं.