नेमणूक, हजेरी आणि बिदागी : एकोणिसाव्या शतकातील दरबारी कलावंताची नोकरी

मराठी संस्थानांच्या दरबारात गाणारा-वाजवणारा माणूस हिशेबाच्या वहीत कारखान्याचा नोकर असे. पागा, फरासखाना, जामदारखाना, मुदपाकखाना यांच्याप्रमाणेच गाण्या-वाजवण्याचा खर्चही राजाच्या खाजगीकडे पडे. बडोद्यात या विभागाला कलावंत कारखाना असेच नाव होते. ख्यालिये, धृपदिये, बीनकार, पखवाजी, सारंगिये आणि नाचगाण्याचे तायफे हे सगळे या नोकरीत येत. आजच्या अर्थाचे वाद्यवृंद दरबारात फार नव्हते. अनेकांनी मिळून वाजवायची वाद्ये म्हणजे नगारखान्याचा चौघडा आणि शतक पुढे सरकले तसा पलटणीच्या धर्तीवरचा बँड. बाकीचे कलावंत एकेकटे, फार तर दोन-तीन साथीदारांसह हुजुरांपुढे बसत.

तापीकाठच्या बुऱ्हाणपूरचा या नोकरीशी संबंध जुना आहे. मोगलांच्या दख्खनच्या कारभारात हे शहर मोठे ठाणे होते. १६५३ मध्ये शहजादा औरंगजेब दख्खनची सुभेदारी घेऊन आला, तेव्हा त्याचे मन गुंतले ते हिराबाई नावाच्या गाणाऱ्या दासीत. तापीपलीकडच्या जैनाबादेवरून तिला जैनाबादी म्हणत. ती त्याच्या एका नातेवाइकाच्या घरची होती आणि तिथून शहजाद्याच्या जनानखान्यात गेली. प्रेमकथा म्हणून हा प्रसंग रंगवून सांगितला जातो. पण गाणाऱ्या बाईची मालकी एका घरातून दुसऱ्या घरात जाऊ शकत होती, ही त्यातली खरी नोंद घेण्याजोगी गोष्ट आहे. पुढे १७७८ मध्ये पेशव्यांकडून शहर शिंद्यांकडे आले. ऑक्टोबर १८०३ मध्ये इंग्रजांनी बुऱ्हाणपूर आणि असीरगड घेतले, डिसेंबरातल्या सुर्जी-अंजनगावच्या तहाने शहर शिंद्यांना परत मिळाले आणि १८६० मध्ये ते इंग्रजी निमाडात गेले. शिंद्यांचे राहणे मात्र उत्तरेत, ग्वाल्हेरच्या लष्कर या वस्तीत. त्यामुळे ज्याला दरबारी नेमणूक हवी त्याला हुजूर जिथे असतील तिथेच जावे लागे. बुऱ्हाणपूरकडून दरबाराला जाई तो कलाबतू. इथल्या कारागिरांनी सोन्याचांदीच्या तारेपासून काढलेली ही जर पागोट्यांत आणि शेल्यांत विणली जाई. आणि असे पागोटे किंवा शेला हा कलावंताच्या मिळकतीचा एक भागच होता.

मिळकतीचे प्रकार बरेच होते. महिन्याची किंवा वर्षाची बांधील रक्कम ती नेमणूक. तिच्याबरोबर शिधा, म्हणजे धान्य, डाळ, तूप आणि कुठे कुठे घोड्याची वैरणही मिळे. दसरा, होळी, गणेशोत्सव, राजघराण्यातले लग्न किंवा बारसे अशा वेळी पोशाख. बाहेरून आलेल्या कलावंताची मैफल ऐकून निरोप देताना द्यायची ती बिदागी. मर्जी बसलेल्या थोड्यांना इनाम जमीन किंवा वर्षासन. ही यादी वाचताना सुबत्ता वाटते. प्रत्यक्षात हक्काची म्हणावी अशी एक नेमणूकच असे, आणि तीही खजिन्यात पैसा असेल तेव्हा हाती पडे. शिधा, पोशाख आणि बिदागी हे सगळे राजाच्या मनावर. म्हणून कलावंताला दरमहा किती पडत होते, एवढ्यावरून त्याची स्थिती कळत नाही.

कामाच्या वेळा दर्जाप्रमाणे बदलत. सर्वांत काटेकोर काम चौघडेवाल्यांचे. पहाटेपासून रात्रीपर्यंत ठरल्या प्रहरी नगारखान्यात सनई आणि नगारा वाजलाच पाहिजे. राजा गावी असो वा नसो, ऐकायला कोणी असो वा नसो. पावसाळ्यात कातडे सैल पडते, म्हणून वाजवण्याआधी नगारा शेकावा लागे. या वादकांची नावे कागदांत क्वचितच सापडतात, पण दरबाराचा दिवस त्यांच्या वाजवण्यावर चाले. गवयाचे काम याच्या उलट. त्याला रोज गावे लागेलच असे नव्हते, मात्र बोलावणे कधी येईल याचा नेम नसे. जेवणाच्या वेळी, रात्री उशिरा, पाहुणा आला की, स्वारीबरोबर तळ पडला की हजर व्हायचे. मुजरा करून खाली बसायचे, फर्माईश होईल ते गायचे आणि विडा-अत्तर फिरले की उठायचे. ख्याल रंगात असताना हुजुरांनी कोणाशी बोलणे सुरू केले, तरी गाणे चालू ठेवायचे.

साथीदारांचे हाल अधिक होते. नाचाच्या मैफलींची त्या शतकातली चित्रे आणि छायाचित्रे पाहिली तर नाचणारीच्या मागे सारंगिये आणि तबलजी उभे दिसतात. सारंगी कमरेच्या पट्ट्यात खोचलेली, तबला-डग्गा फडक्याने पोटाशी बांधलेला. नाचणारी पुढे सरकली की हेही तसेच सरकत. सारंगीची तार बोटाच्या टोकाने दाबत नाहीत. नखाच्या मुळाशी, कातडीला लावून सूर काढतात. तिथे घट्टे पडतात. पोटावर वाद्याचे ओझे घेऊन तास दोन तास असे वाजवणे ही अंगमेहनत होती. मानाच्या उतरंडीत मात्र सारंगिया गवयाच्या खाली, आणि पुष्कळदा गाणारीला तयार करणारा गुरू तोच असूनही बिदागीत त्याचा वाटा दुय्यम.

ग्वाल्हेरची हकीकत या नोकरीच्या दोन्ही बाजू दाखवते. दौलतराव शिंद्यांच्या पदरी बडे महंमद खाँ होते, त्यांची तान विलक्षण. गवई नत्थन पीरबक्षांचे नातू हद्दू खाँ आणि हस्सू खाँ त्याच दरबारात वाढत होते. परंपरा सांगते की या मुलांना पडद्याआड बसवून महंमद खाँचे गाणे महिनोन्‌महिने ऐकवले गेले, आणि एके दिवशी त्यांनी भर दरबारात तीच गायकी गाऊन दाखवली. महंमद खाँ दुखावले आणि ग्वाल्हेर सोडून गेले. गोष्टीत तपशिलांची भर पडली असेल, पण तिच्यातला व्यवहार खरा वाटतो. गवयाची विद्या हीच त्याची पुंजी होती, ती घरातल्यांशिवाय कोणाला द्यायची नाही असा त्याचा कटाक्ष होता, आणि ती उचलण्याची सोय खुद्द धन्यानेच करून दिली तर दाद मागायला जागा नव्हती. नोकरी सोडून जाणे एवढाच मार्ग उरे.

याच दरबाराने हद्दू-हस्सू खाँच्या घराण्याला कित्येक वर्षांची निर्वेध फुरसत दिली, हेही तितकेच खरे. पोटाची चिंता नसलेल्या माणसालाच दिवसाचे आठ-दहा तास एका रागावर घालवता येतात. ग्वाल्हेरची ख्यालगायकी जयाजीराव शिंद्यांच्या काळात (१८४३ ते १८८६) बहरली ती या फुरसतीवर. हद्दू खाँ १८७५ पर्यंत हयात होते. तिथून ही विद्या वासुदेवबुवा जोशी आणि धारचे देवजीबुवा परांजपे यांच्यामार्फत बाळकृष्णबुवा इचलकरंजीकरांपर्यंत आणि त्यांच्याकडून महाराष्ट्रात आली. शिकणाऱ्याची नोकरी वेगळीच : गुरूच्या घरी पाणी भरायचे, पडेल ते काम करायचे आणि मिळेल तेव्हा शिकायचे. दरबाराच्या कोणत्याही हिशेबात हे श्रम कधी आले नाहीत.

राजा गेला की सगळे बदलत असे. जयाजीरावांच्या निधनानंतर निसार हुसेन खाँसारख्या थोर गवयाची दरबारी नोकरी गेली, आणि त्यांना आसरा मिळाला तो शिष्य शंकरराव पंडितांच्या घरात. हद्दू खाँचे चिरंजीव रहिमत खाँ भणंगासारखे फिरत होते. त्यांना सांभाळले विष्णुपंत छत्र्यांनी. सर्कसवाले म्हणून प्रसिद्ध असलेले छत्रे ग्वाल्हेरात हद्दू खाँकडेच गाणे शिकले होते, आणि गुरुपुत्राला त्यांनी आपल्या सर्कशीबरोबर गावोगाव नेले. म्हातारपणाची तरतूद म्हणून ठरलेला नियम नव्हता. धनी बदलला की गवयाला सांभाळीत ते शिष्य.

राज्यच बुडाले तर तेवढाही आधार राहत नसे. तंजावरचे सरफोजीराजे दुसरे (१७९८ ते १८३२) यांच्याकडे १७९९ नंतर राज्यकारभार उरला नाही, इंग्रजांची तैनात मात्र होती. त्यांनी कर्नाटक संगीताच्या जोडीला पाश्चात्त्य वाद्यांचा ताफा उभा केला. इंग्रजी धर्तीच्या वाद्यवृंदाचा मराठी राजघराण्यातला हा सर्वांत ठळक दाखला. चिन्नय्या, पोन्नय्या, शिवानंदम आणि वडिवेलू या चार भावांनी नाचाची शिस्त बसवली ती याच दरबारात. वडिवेलू पुढे त्रावणकोरला गेले आणि १८३४ मध्ये स्वाती तिरुनाळ महाराजांनी त्यांना हस्तिदंती व्हायोलिन दिले. १८५५ मध्ये दुसरे शिवाजीराजे वारले, गादी खालसा झाली आणि कलावंत वाट फुटेल तिकडे गेले. १८८० मध्ये तंजावरच्या राजकन्या लक्ष्मीबाई बडोद्याच्या सयाजीरावांशी लग्न होऊन चिमणाबाई झाल्या. त्यांच्यामागोमाग नर्तकी, नट्टुवनार म्हणजे नाच बसवणारे गुरू आणि वादक असा ताफा बडोद्यात आला. चिमणाबाई १८८५ मध्ये वारल्या, तरी ताफा बडोद्यातच नोकरीला राहिला. परमुलखात, भाषा न कळणाऱ्या लोकांपुढे या बायका नाचत राहिल्या.

बडोद्यात या नोकरीला प्रथमच कायद्याचे रूप आले. मल्हारराव गायकवाड १८७५ मध्ये पदच्युत झाले, सयाजीराव तिसरे गादीवर आले आणि दिवाण सर टी. माधवराव यांनी खर्चाला शिस्त लावली. शतकाच्या शेवटी, १८९९ मध्ये कलावंत खात्याचे नियम छापून निघाले. हजेरी, रजा, दर्जा, वेळेवर न येणाऱ्याला दंड या गोष्टी त्यातून कलावंतांना लागू झाल्या. घराण्याचा अभिमान बाळगणाऱ्या उस्तादाला कारकुनासारखा रजेचा अर्ज करणे अपमानाचे वाटले असेल यात शंका नाही. तरीही या नियमांना केवळ जाच म्हणता येत नाही. दंड लिहिला गेला म्हणजे पगारही लिहिला गेला. रजेची अट आली म्हणजे रजा मिळू शकते हे मान्य झाले. खालच्या दर्जाच्या साथीदाराला मर्जीपेक्षा नियम अधिक उपयोगी पडतो.

युरोपातल्या दरबारी वादकांचा अनुभव यापासून फार लांब नव्हता. संगीतकार हायडनने १७६१ मध्ये एस्टरहाझी घराण्याशी केलेल्या करारात गणवेश, रोजची हजेरी आणि धन्याच्या परवानगीशिवाय दुसऱ्यासाठी रचना न करण्याची अट होती. १८४६ मध्ये ड्रेस्डेनच्या राजवाद्यवृंदाचा संचालक असलेल्या वाग्नरने वादकांचे पगार वाढवावेत, कामाचे ओझे कमी करावे असा सविस्तर अहवाल दिला. वर्षभराने तो फेटाळला गेला. पण तिथे वादकांच्या वतीने असा अहवाल लिहिला तरी गेला. आपल्याकडे चौघडेवाल्यांच्या बाजूने लेखणी उचलणारा कोणी नव्हता, ही उणीव मोठी आहे.

दरबाराबाहेरची वाट उघडली ती रेल्वेने. १८७० मध्ये मुंबई–जबलपूर लोहमार्ग पूर्ण झाला; तो बुऱ्हाणपूर आणि खंडव्यावरूनच जातो. महिन्याचा प्रवास दोन दिवसांवर आला आणि एका धन्यावर विसंबण्याची गरज कमी झाली. ३१ ऑक्टोबर १८८० रोजी पुण्यात अण्णासाहेब किर्लोस्करांचे ‘शाकुंतल’ हे संगीत नाटक रंगभूमीवर आले आणि तिकीट काढून गाणे ऐकणारा प्रेक्षक तयार झाला. बडोद्यात मौलाबक्ष यांच्या हाताखाली १८८६ मध्ये गायनशाळा निघाली. दरबारचा गवई तिथे मास्तर झाला आणि त्याने स्वरलिपीही तयार केली. जी विद्या घराण्याबाहेर जाऊ नये म्हणून जपली जात होती ती फळ्यावर लिहिली जाऊ लागली. मिरजेच्या संस्थानिकांच्या आश्रयाने शिकलेले विष्णु दिगंबर पलुस्कर १८९६ मध्ये तिथून बाहेर पडले. आपल्या गुरूला, बाळकृष्णबुवांना, गावातल्या प्रतिष्ठितांच्या समारंभाचे बोलावणे नाही हे त्यांना झोंबले होते, असे त्यांचे चरित्रकार सांगतात. त्यांनी तिकिटाचे जलसे केले आणि ५ मे १९०१ रोजी लाहोरात गांधर्व महाविद्यालय काढले. गवई अब्दुल करीम खाँही शतक संपता संपता बडोद्याची नोकरी सोडून गेले आणि पुढे मिरजेला स्थिरावले.

दरबारी नेमणुका त्यानंतरही अर्धशतक चालल्या. २८ मे १९४८ रोजी ग्वाल्हेर आणि इंदूर मध्य भारतात सामील झाले, १ मे १९४९ रोजी बडोदे मुंबई प्रांतात. कलावंतांची नेमणूक देणारी खाजगी खाती त्याबरोबर आटोपली. मौलाबक्षांची गायनशाळा मात्र महाराजा सयाजीराव विद्यापीठाच्या संगीत महाविद्यालयाच्या रूपाने चालू राहिली.