कोऱ्या कागदावरील जुनी खूण

१ ऑगस्ट २०१४ रोजी ठाणे जिल्ह्याचे विभाजन होऊन पालघर हा राज्याचा ३६ वा जिल्हा अस्तित्वात आला. समुद्रकाठचे माहीम गावही नव्या जिल्ह्यात आले. अशा गावातील एखाद्या कार्यालयात संगणकावर कोरा कागद उघडताच शीर्षभागी 'जिल्हा ठाणे' ही अक्षरे उमटत राहिली, तर नागरिकाच्या हाती सदोष दाखला पडण्याचा संभव असतो. ती अक्षरे दरवेळी खोडणे हा उपाय नव्हे. दोष मूळ साच्यात असतो.

'मायक्रोसॉफ्ट वर्ड' प्रत्येक कोरा कागद 'नॉर्मल' नावाच्या साच्यावरून तयार करते. अक्षरवळण, समास व शीर्षमजकूर त्यातूनच येतात. साचा बिघडल्यास प्रथम वर्ड पूर्णपणे बंद करावे. विंडोजमधील 'ॲपडेटा' या सहसा अदृश्य असणाऱ्या फोल्डरात 'रोमिंग', 'मायक्रोसॉफ्ट', 'टेम्प्लेट्स' या क्रमाने जाऊन त्या फाइलचे नाव बदलावे. वर्ड पुन्हा सुरू करताच नवा, निर्दोष साचा आपोआप निर्माण होतो. जुनी फाइल मात्र लगेच नष्ट करू नये. मॅक्रो व खास शैली तीत साठविलेल्या असू शकतात.

त्यानंतर देवनागरीचा फॉन्ट 'कॉम्प्लेक्स स्क्रिप्ट' या स्वतंत्र रकान्यात निवडून तो सर्व नव्या कागदांसाठी कायम करावा.

या उपायाने पूर्वीचे दस्तऐवज सुधारत नाहीत. ते एकेक तपासावे लागतात. म्हणूनच साच्यातील चूक वेळीच दूर करणे श्रेयस्कर होय.