दर दोन मिनिटांनी एक चमचा

जुलैतली रात्र. मुंबईच्या उपनगरातल्या एका रुग्णालयाचा मुलांचा वॉर्ड. माझा भाचा, वय आठ महिने, वजन आठ किलो, सकाळपासूनच्या जुलाब-उलट्यांनी पार मलूल झालेला. आम्ही घरची चार माणसं कॉटभोवती उभी राहून एकच धोशा लावला होता, सलाईन लावा. सिस्टरांनी डॉक्टरांचा कागद वाचला, बाळाच्या पोटाची कातडी चिमटीत धरून सोडली, आणि माझ्या बहिणीच्या हातात एक स्टीलची वाटी आणि चहाचा चमचा दिला. "ताई, ते समोरचं घड्याळ बघा. दर दोन मिनिटांनी एक चमचा. घाई करायची नाही आणि थांबायचंही नाही. उलटी झाली तर दहा मिनिटं जाऊ द्या, मग पुन्हा सुरू. आणि अंगावर पाजणं चालूच ठेवा."

बहिणीने माझ्याकडे बघितलं. चेष्टा चाललीय की काय? एवढं पाणी गेलेलं पोर आणि चमच्याने भरायचं?

चार तास काही करायला नव्हतं म्हणून मी गणित मांडलं. चमचा पाच मिलिलीटरचा. दोन मिनिटांना एक, म्हणजे तासाला तीस, चार तासांत एकशेवीस चमचे, 600 मिलिलीटर. पुढे वाचताना कळलं की जागतिक आरोग्य संघटनेचा नियमच असा आहे: पाणी थोडं कमी झालेल्या मुलाला चार तासांत किलोमागे 75 मिलिलीटर. आठ किलोला किती होतात? 600. ज्याला आम्ही टाळाटाळ समजत होतो तो चमचा न् चमचा हिशोबातला होता.

पण मग मूळ प्रश्न, आठ किलोच्या बाळाचं गेलं तरी किती होतं? वजनाच्या दहा टक्के पाणी जाणं म्हणजे गंभीर अवस्था. आठ किलोचे दहा टक्के 800 ग्रॅम. रेल्वे स्टेशनवर विकत घेतो ती पाण्याची बाटली एक लिटरची असते. त्याहून कमी पाण्यात बाळ हसण्याखेळण्यातून निपचित पडण्यापर्यंत जातं.

याचं कारण उपनगरातल्या माणसाला समजावणं सोपं आहे, कारण आपल्याला टाकी आणि पिंप यांतला फरक पाठ असतो. ज्या सोसायटीच्या गच्चीवर मोठी टाकी आहे, तिथे एक दिवस पाणी आलं नाही तर कुरकुर होते, इतकंच. डोंगरावरच्या वस्तीत, जिथे तासभर पाणी येतं आणि एका पिंपावर घर चालतं, तिथे एक दिवस म्हणजे आणीबाणी. मोठ्या माणसाच्या शरीरात पेशींबाहेरचं जे पाणी असतं, त्याचा साधारण सहावा-सातवा हिस्सा रोज बाहेर जातो आणि नव्याने भरला जातो. तान्ह्या बाळाचा जवळजवळ निम्मा. वजनाच्या मानाने त्याची कातडी जास्त, श्वास जलद, आणि मूत्रपिंडं अजून शिकाऊ. पाणी वाचवून घट्ट लघवी करणं त्यांना मोठ्यांइतकं जमत नाही. अर्धं पिंप रोज रिकामं होणारच, फक्त भरणारा नळ बंद पडता कामा नये. जुलाब त्या पिंपाला खाली भोक पाडतो आणि उलटी वरचा नळ बंद करते.

आमची आई टाळूवर हात ठेवून म्हणाली होती, "बसलीय गं टाळू." तिने कुठलं पुस्तक वाचलेलं नाही, पण तेल लावताना रोज हात फिरलेला. कवटीची हाडं जुळायची राहिलेली ती मऊ जागा म्हणजे शरीराच्या टाकीला बाहेरून लावलेली काचेची नळीच. आतली पातळी खाली गेली की ती खाली जाते. दीड-दोन वर्षांत ती बुजते आणि मग इतकी सोपी खूण पुन्हा मिळत नाही.

सिस्टरांची चिमूट हीसुद्धा अशीच खूण. बेंबी आणि कुशीच्या मध्ये पोटाची कातडी उभी धरायची, सोडायची आणि बघायचं. लगेच सपाट झाली तर ठीक, सावकाश गेली तर पाणी कमी आहे, आणि दोन सेकंदांहून जास्त वेळ तशीच उभी राहिली तर धावपळ. ही खूण फसवतेही. फार कुपोषित मुलाची कातडी पाणी असूनही सावकाश परतते, गुटगुटीत मुलाची पाणी नसूनही पटकन. म्हणून सिस्टर एकाच गोष्टीवर विसंबत नाहीत. डोळे खोल गेलेत का, पाणी दाखवलं की बाळ हपापून चमचा धरतंय की तोंडच उघडत नाही, चिडचिड करतंय की गप्प आहे. आम्हाला रडणं भीतिदायक वाटत होतं. वॉर्डात उलटं असतं. रडणाऱ्या मुलाकडे एक नजर टाकून सिस्टर पुढे जातात आणि गप्प पडलेल्याजवळ थांबतात.

आता चमच्यातल्या पाण्याकडे येऊ, कारण खरी नवलाई तिथे आहे.

नुसतं पाणी का नाही द्यायचं? जुलाबाबरोबर मीठही जातं. नुसतं पाणी पाजत राहिलं तर रक्तातलं सोडियम पातळ होतं आणि झटकेही येऊ शकतात. मग मीठ-पाणी? आजारी आतडं ते नीट आत घेतच नाही. आतड्याच्या अस्तरातल्या पेशींवर एक अजब दार आहे. एकट्या मिठाला ते उघडत नाही, एकट्या साखरेलाही नाही. सोडियम आणि ग्लुकोज जोडीने आले तरच ते दोघांना आत घेतं, आणि त्यांच्यामागे पाणी आपोआप आत जातं. हे जोडीचं तत्त्व रॉबर्ट क्रेन या शास्त्रज्ञाने 1960 साली प्राग शहरातल्या एका परिषदेत मांडलं. त्याच्या आदल्याच वर्षी कलकत्त्यात शंभुनाथ डे यांनी दाखवून दिलं होतं की पटकीचे जंतू आतड्यात एक विष सोडतात आणि त्याने पाणी बाहेर वाहू लागतं. या दोन गोष्टी शेजारी ठेवल्या की अंगावर काटा येतो: ते विष पाणी बाहेर टाकणारी तोटी उघडी ठेवतं, पण साखर-मिठाच्या जोडीचं दार तसंच शाबूत राहतं. घर वाहून जात असताना मागचं दार चालू असतं; कोणी ठोठावायचाच अवकाश.

ते मोठ्या प्रमाणावर ठोठावलं गेलं 1971 साली, बांगलादेश युद्धात, पश्चिम बंगालमधल्या बनगावच्या निर्वासित छावणीत. पटकीची साथ, जमिनीवर झोपवलेले रुग्ण आणि संपत आलेलं सलाईन. डॉ. दिलीप महालनाबिस यांनी मीठ, खायचा सोडा आणि ग्लुकोज यांच्या पुड्या बांधून घेतल्या, ते मिश्रण पिंपांत कालवलं आणि रुग्णांच्या नातेवाइकांच्या हाती पेले दिले. पाजणारे हात नर्सचे नव्हते, आईबापांचे होते. जिथे शंभरातले तीसेक दगावत होते तिथे तो आकडा चारच्या खाली आला. 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकाने 1978 मध्ये या शोधाला शतकातली बहुधा सर्वांत महत्त्वाची वैद्यकीय प्रगती म्हटलं. महालनाबिसांना पद्मविभूषण मिळालं ते 2023 साली, मृत्यूनंतर. याला उशीर म्हणायचं की काय म्हणायचं, ते वाचकांनी ठरवावं.

डॉक्टर ज्याला ओआरएस म्हणतात त्या या पाण्याला मराठीत फार सुरेख नाव आहे, जलसंजीवनी. या संजीवनीसाठी मात्र पर्वत उचलावा लागत नाही; आरोग्य केंद्रात आणि आशाताईंकडे ती फुकट मिळते, शिवाय चौदा दिवस द्यायच्या झिंकच्या गोळ्याही. पण प्रमाणाशी खेळ चालत नाही. अनेक घरांत लिटरभराचं पाकीट फोडून थोडी पूड पेल्यात टाकतात आणि उरलेली घडी घालून ठेवतात. त्या पेल्यातलं पाणी दाट झालं तर उलटा परिणाम होतो, आतड्यातून पाणी आत येण्याऐवजी शरीरातलंच बाहेर ओढलं जातं. आख्खं पाकीट, आख्खं लिटर, आणि चोवीस तासांनी उरलेलं फेकून द्यायचं.

मध्यरात्रीनंतर मी वॉर्ड न्याहाळत बसलो. शेजारच्या कॉटवर दहा किलोची एक मुलगी होती, तोंडाने काही द्यायचं नाही असं सांगितलेली, त्यामुळे तिला सलाईन. इवल्याशा मनगटाखाली पुठ्ठ्याचा तुकडा आणि वरून पट्टी, हात वाकून सुई निघू नये म्हणून. सिस्टर मनगटी घड्याळ डोळ्यांसमोर धरून नळीतले थेंब मोजत होत्या. बेचाळीस. मला वाटलं हा अंदाज असेल. तोही हिशोबच निघाला. हॉलिडे आणि सेगर या दोन डॉक्टरांनी 1957 साली मांडलेलं सूत्र आजही वॉर्डावॉर्डांत चालतं: पहिल्या दहा किलोंना दिवसाला किलोमागे 100 मिलिलीटर, पुढच्या दहांना 50, त्यापुढे 20. दहा किलोच्या मुलीला दिवसाचे 1000, म्हणजे तासाला साधारण 42. आणि मुलांच्या बारीक नळीतून साठ थेंबांचा एक मिलिलीटर होतो. तासाची मिनिटं साठ, मिलिलीटरचे थेंब साठ. दोन्ही साठ एकमेकांना काटून टाकतात आणि तासाला जितके मिलिलीटर, मिनिटाला तितकेच थेंब उरतात. रात्री तीन वाजता, तीस मुलांच्या वॉर्डात, कॅल्क्युलेटर न शोधता चालणारं गणित. ज्याने तो बारीक थेंब ठरवला त्याला माझा नमस्कार.

बाटली आणि नळी यांच्यामध्ये खुणा आखलेली एक छोटी नळकांडी होती. तिच्यात पुढच्या काही तासांपुरतंच पाणी सोडून वरचा चाप बंद करतात. चुकून थेंबांचा वेग ठरवणारं चाक सैल राहिलं तरी अर्धा लिटर एकदम लहानग्या शरीरात जाऊ नये म्हणून. कारण जास्त पाणीही तितकंच वाईट. पापण्या सुजतात, छाती भरते. हे नुसतं भरणं नव्हे, तोल धरणं आहे.

त्या तोलाची वही कॉटच्या पायथ्याशी लटकत होती. डावीकडे आत गेलेलं, उजवीकडे बाहेर आलेलं. आत गेलेलं मोजणं सोपं. बाहेरचं कसं मोजायचं, बाळ तर लंगोटात करतं? सिस्टरांनी कोरडा डायपर आधीच तोलून आकडा लिहून ठेवला होता. भिजलेला पुन्हा काट्यावर ठेवला, वजाबाकी केली. एक ग्रॅम म्हणजे एक मिलिलीटर. किलोमागे तासाला साधारण एक मिलिलीटर लघवी हवी. पहाटे पावणेपाचला त्यांनी उजव्या रकान्यात 38 लिहिले आणि पहिल्यांदाच हसल्या. मी आयुष्यात कोणाच्या लघवीने इतका आनंदलो नव्हतो.

मुळात जुलाब लावणारं पिण्याचं पाणी बिघडतं कुठे, हेही सांगायला हवं. विहार आणि तुळशी हे तलाव बोरिवलीच्या राष्ट्रीय उद्यानाच्या जंगलात आहेत, भांडुपच्या शुद्धीकरण केंद्रातून निघणारं पाणी चांगलं असतं. पण पुरवठा ठरावीक तासांचा. नळ बंद झाला की जलवाहिनीतला दाब जातो, आणि असल्फा किंवा भांडुपच्या डोंगरउतारावर गटाराला खेटून गेलेल्या बारीक नळ्या भेगांतून बाहेरची घाण आत ओढतात. पावसाळ्यात हे वाढतं, म्हणून दरवर्षी पालिका पाणी उकळून गाळून प्यायला सांगते. जुलाबांच्या मोठ्या कारणांपैकी एक असलेल्या रोटाव्हायरसची लस 2016 पासून टप्प्याटप्प्याने राष्ट्रीय लसीकरणात आली आहे. बाळ सहा, दहा आणि चौदा आठवड्यांचं असताना ती दिली जाते. आमच्या भाच्याचा एक डोस राहिला होता, हे आम्हाला त्या रात्री आठवलं.

घरी येताना औषधाच्या दुकानात मी जलसंजीवनी मागितली, तर आधी फळांच्या चवीचं गोड, रंगीत पेय पुढे आलं. ऑक्टोबर 2025 मध्ये भारतीय अन्न सुरक्षा प्राधिकरणाने अशा पेयांवर ओआरएस हे नाव वापरायला मनाई केली आहे. त्यातली जास्तीची साखर जुलाब वाढवते. तेव्हा पाकीट हातात घ्याल तेव्हा मागची बाजू वाचा. लिटरभराच्या पुडीत मीठ 2.6 ग्रॅम, पोटॅशियम क्लोराईड 1.5, ट्रायसोडियम सायट्रेट 2.9 आणि ग्लुकोज 13.5. बेरीज 20.5 यायला हवी.