डोंगर पाहायला तिकीट लागत नाही

उन्हाळ्यात चांदूर रेल्वेत पारा ४४-४५ अंशांवर गेला की घरोघरी एकच विषय निघतो: चिखलदऱ्याला जाऊ. मग गाडीचे भाडे, हॉटेल आणि जेवणाचा हिशेब होतो आणि बेत बारगळतो. घरातला मुलगा मात्र मित्रांबरोबर दोन-तीनदा जाऊन आलेला असतो. त्याची अम्मी, आपा आणि दादी यांनी शंभर-सव्वाशे किलोमीटरवरचा हा डोंगर एकदाही पाहिलेला नसतो. पैसा हे कारण खरेच, पण तेवढेच एक कारण नाही.

आधी पैशाचेच पाहू. चांदूरहून अमरावती, तिथून परतवाडा आणि पुढे घाट, असा एसटीचा रस्ता आहे. मार्च २०२३ पासून एसटीत महिलांना अर्धे तिकीट आहे. ६५ ते ७५ वयाच्या ज्येष्ठांनाही अर्धेच, आणि ७५ च्या पुढच्यांना ऑगस्ट २०२२ पासून प्रवास मोफत. म्हणजे ज्यांना आपण घरी ठेवून जातो, त्यांनाच नेणे सर्वांत स्वस्त पडते! दादीचे आधार कार्ड तेवढे जवळ असू द्या.

चिखलदरा समुद्रसपाटीपासून सुमारे ११०० मीटर उंचीवर आहे. तिथली हवा, धुके, दरी यांचे पैसे कोणी घेत नाही. नाक्यावरचे किंवा वनखात्याचे शुल्क लागले तर ते द्यावे. घोडा, बोट, खेळणी यांचा खर्च मात्र आपण ठरवू तितकाच. मुलांना ते नाही म्हणायचे असेल तर बदल्यात दुसरे काही द्यावे लागते, आणि तिथे ते भरपूर आहे. पंचबोल पॉइंटवर हाक मारली की दरी ती परत परत ऐकवते. लहान मुले तिथून हलत नाहीत. भीमकुंडाची खोल दरी पावसाळ्यात पाहावी. कॉफीची झाडे दाखवावीत. विदर्भातल्या मुलाला कॉफी झाडाला लागते हे पाहून नवल वाटते. जुलै-ऑगस्टमध्ये धुक्याने समोरचे काहीच दिसले नाही तरी रुसू नये, ढगातून चालणेही चांदूरला मिळत नाही.

वेळ हातात असेल तर गाविलगड चुकवू नका. इतिहासकार फरिश्ता सांगतो की हा किल्ला अहमदशाह बहामनीने १४२५ च्या सुमारास बांधला. पुढे १४८८ मध्ये फतहउल्लाह इमादुल्मुल्कने तो दुरुस्त केला आणि वऱ्हाडची इमादशाही उभी केली. तिची राजधानी एलिचपूर, म्हणजे आपले अचलपूर. हा फतहउल्लाह मूळचा विजयनगरकडचा, लहानपणी लढाईत कैद होऊन इकडे आलेला. किल्ल्याच्या दरवाजावर हत्तींना पकडलेला दोन तोंडांचा पक्षी कोरलेला आहे, तो मुलांना शोधायला लावा. आत जुनी जामा मशीद आहे, दर्शनी बाजूला सात कमानींची. १५ डिसेंबर १८०३ रोजी आर्थर वेलस्लीच्या फौजेने हा किल्ला घेतला आणि दोनच दिवसांत नागपूरकर भोसल्यांना देवगावचा तह करावा लागला. शाळेच्या पुस्तकात आपल्या जिल्ह्याचे एवढे येत नाही.

आता पैशापलीकडचे कारण. आपल्याकडे सहल म्हणजे बायकांनी रात्रभर बिर्याणी, कबाब करायचे आणि दुसऱ्या दिवशी दस्तरखान मांडून वाढत बसायचे. दरी पाहतात पुरुष आणि मुले. मग आईला सहलीची हौस कशी असेल? चपात्या, उकडलेली अंडी, चिवडा, भाजलेले शेंगदाणे, केळी एवढ्यावर एक दिवस सहज निघतो. पाण्याचे डबे आणि चटई पोरांनी उचलावी. सूरह अल-गाशियामध्ये उंट, आकाश, पर्वत आणि जमीन यांच्याकडे पाहायला सांगितले आहे. ते सांगणे फक्त मर्दांना नाही.

नमाजची अडचण पुढे करू नये. हनफी मसलकानुसार साधारण ७८ किलोमीटरच्या वर प्रवासाला निघालेला माणूस मुसाफिर ठरतो आणि चिखलदरा त्याहून लांब आहे. जोहर, असर आणि इशाच्या फर्ज चारऐवजी दोन रकात पढायच्या. फजर आणि मगरिब आहे तशीच. मुकीम इमामाच्या मागे मात्र पूर्ण पढायची. एक जानमाज आणि वुजूपुरते पाणी जवळ असले की कुठल्याही स्वच्छ जागी पश्चिमेकडे तोंड करून नमाज होते. बायकांसाठी चादरीचा आडोसा करावा.

हे मेळघाटचे जंगल आहे, वाघांचे. रस्ता सोडून झाडीत शिरू नये, कठड्यावर चढून फोटो काढू नयेत, उरलेले अन्न माकडांना घालू नये, प्लास्टिक परत आणावे. एका दिवसात दोनच ठिकाणे करावीत. दादीला घेऊन पाच पॉइंट धावत पाहण्यापेक्षा एका ठिकाणी तासभर बसलेले बरे. बसमधून उतरल्याबरोबर परतीची शेवटची गाडी किती वाजता सुटते ते स्टँडवर विचारून ठेवा. घाटात अंधार लवकर पडतो आणि परतवाड्याहून पुढची गाडीही मिळायला हवी.