रानडुक्कर, रात्र आणि कायदा : हिंडलग्याच्या शिवारात बंदूक का चालत नाही?

हिंडलगा म्हटले की बहुतेकांना तेथील मध्यवर्ती तुरुंगच आठवतो. पण बेळगाव-वेंगुर्ले मार्गावरील या गावाची खरी ओळख त्याच्या शिवारात आहे. हिंडलगा ओलांडले की सुळगा, तुरमुरी, बाची आणि लगेच महाराष्ट्राच्या हद्दीतील शिनोळी लागते. भात, ऊस, बटाटा आणि रताळी ही या पट्ट्यातील पिके. गोव्याच्या बाजारात येणारी भाजीही बव्हंशी बेळगाव परिसरातूनच येते. रताळ्याचे वेल पसरू लागले, भाताच्या लोंब्या भरू लागल्या की रात्री रानडुकरांचे कळप शिवारात उतरतात. डुक्कर जेवढे खाते त्याच्या कितीतरी पट नासते. मुसकटाने जमीन उकरत गेलेला कळप सकाळी नांगरटीसारखे शेत मागे ठेवून जातो आणि तीन-चार महिन्यांचा खर्च एका रात्रीत मातीत जातो.

अशा वेळी मोबाइलवर अमेरिकेतील चित्रफिती दिसतात. टेक्सासमध्ये शेतमालक परवडणाऱ्या दरात पाहुण्या शिकाऱ्यांना रात्री आपल्या खासगी जमिनीवर नेतो. सोबत वाटाड्या असतो, बंदुकीवर अंधारात प्राण्याच्या शरीराची उष्णता टिपणारी दुर्बीण असते. शिकाऱ्याची हौस भागते, मालकाला पैसे मिळतात आणि डुकरेही कमी होतात, असा हा हिशेब. मग हिंडलग्याच्या शेतकऱ्याने हेच का करू नये, असा प्रश्न पडणे स्वाभाविक आहे.

पहिले उत्तर प्राण्यातच आहे. अमेरिकेतील डुक्कर मूळचे तेथले नाही. सोळाव्या शतकात स्पॅनिश दर्यावर्दींनी नेलेली पाळीव डुकरे रानात मोकाट झाली, पुढे शिकारीसाठी आणलेल्या युरोपीय रानडुकरांशी त्यांचा संकर झाला. तेथील कायदा त्यांना उपरे उपद्रवी जनावर समजतो. टेक्सासमध्ये १ सप्टेंबर २०१९ पासून जमीनमालकाची संमती असेल तर खासगी जमिनीवर डुक्कर मारण्यासाठी शिकारीचा परवानाही लागत नाही. आपले रानडुक्कर मात्र सह्याद्रीच्या जंगलाचे मूळ रहिवासी आहे. वाघ-बिबट्यांचे ते भक्ष्य आहे. खानापूर तालुक्यातील भीमगड अभयारण्य आणि त्याला लागून असलेले गोव्यातील म्हादई अभयारण्य येथील अन्नसाखळीत त्याची जागा आहे. गावाच्या उकिरड्यावर फिरणारे पाळीव वंशाचे डुक्कर वेगळे; त्याला वन्यजीव कायदा लागू होत नाही.

दुसरे उत्तर १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात आहे. २०२२ च्या दुरुस्तीनंतर रानडुक्कर या कायद्याच्या दुसऱ्या अनुसूचीत आहे. कायद्यातील ‘शिकार’ या शब्दाची व्याप्ती अनेकांना ठाऊक नसते. केवळ गोळी घालणे म्हणजे शिकार नव्हे. फास लावणे, विष घालणे, हाका घालून हुसकणे, आमिष ठेवणे आणि यातील कशाचाही प्रयत्न करणे हीसुद्धा शिकारच. जमीन स्वतःच्या मालकीची आहे, हा बचाव होत नाही. शिक्षा तीन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाख रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. परवाना काढून हौसेची शिकार करण्याची तरतूद १९९१ च्या दुरुस्तीनेच रद्द झाली. त्यामुळे पैसे घेऊन पाहुण्याला रानडुकराच्या शिकारीला नेण्याचा व्यवसाय भारतात कायद्याने उभाच राहू शकत नाही.

तरीही कायद्याने शेतकऱ्याचा रस्ता पूर्ण बंद केलेला नाही. कलम ११ नुसार, उभ्या पिकासह मालमत्तेला धोका निर्माण झाला असेल तर मुख्य वन्यजीव रक्षक किंवा त्यांनी अधिकार दिलेला अधिकारी कारणे नोंदवून विशिष्ट क्षेत्रातील असा प्राणी मारण्याची लेखी परवानगी देऊ शकतो. मारलेले डुक्कर सरकारची मालमत्ता ठरते. त्याचे मटण वाटून घेणे हा स्वतंत्र गुन्हा होतो. बंदुकीचा परवाना ही आणखी वेगळी बाब आहे. शस्त्र कायद्यात पीक संरक्षणासाठी ठासणीच्या बंदुकीचा परवाना देण्याची सोय आहे, आणि कोकणात, गोव्यात अशा बंदुका अनेक घरांत आहेत. परंतु बंदुकीचा परवाना म्हणजे शिकारीची परवानगी नव्हे. हा गैरसमज अनेकांना महागात पडतो.

परवानगीची पद्धत राज्यागणिक बदलते. महाराष्ट्राने २०१५ मध्ये रानडुक्कर व रोही यांच्या पारधीच्या परवानगीची प्रक्रिया सुटसुटीत केली. केरळने २०२२ मध्ये स्थानिक स्वराज्य संस्थांच्या प्रमुखांकडे हा अधिकार सोपवला. विष, स्फोटके व वीज वापरण्यास मात्र मनाई ठेवली. केंद्राने २०१६ मध्ये उत्तराखंडात रानडुकराला ठरावीक मुदतीसाठी उपद्रवी प्राणी घोषित केले होते. त्याच वर्षी बिहारमधील मोकामा भागात दोनशेहून अधिक नीलगायी मारल्या गेल्या आणि त्यावरून केंद्रातील दोन मंत्र्यांमध्येच जाहीर वाद झाला. सीमाभागातील अडचण आणखी निराळी. शिनोळीच्या उसात दिवसभर दडलेला कळप रात्री बाचीच्या रताळ्यात उतरतो, पण महाराष्ट्रातील वनक्षेत्रपालाचा आदेश कर्नाटकाच्या बांधावर संपतो. डुकराला सीमाप्रश्न नाही. तो शेतकऱ्याला आहे.

समजा, उद्या कायदा बदलला आणि टेक्सासचा प्रयोग इथे झाला, तर पीक वाचेल काय? तेथील अनुभव उत्साह वाढवणारा नाही. डुकरीण साधारण पावणेचार महिन्यांत विते आणि एका वेळी चार-सहा, कधी त्याहून अधिक पिले देते. टेक्सासमधील अभ्यासकांच्या मते, संख्या आहे तेवढीच राखायची तरी दरवर्षी दोन-तृतीयांश डुकरे कमी करावी लागतील. हौशी शिकारी एक-दोन मारतो. उरलेला कळप बिथरून शेजारच्या शिवारात पांगतो आणि पुढे अधिक सावध होतो. त्याहून गंभीर बाब पैशाची आहे. डुकरामुळे उत्पन्न मिळू लागले की डुक्कर संपावे असे कोणालाच वाटत नाही. अमेरिकेत शिकारीसाठी डुकरे मुद्दाम नव्या प्रदेशांत नेऊन सोडली गेली, ती याच कारणाने. कॅन्सस राज्याने म्हणूनच २००६ मध्ये डुकरांच्या हौशी शिकारीवर बंदी घातली आणि संपूर्ण कळप एकदम पकडण्यासारख्या सरकारी उपायांवर भर दिला.

इकडे परवानगीला विलंब लागतो आणि पीक तर थांबत नाही. त्या मधल्या काळात नको ते उपाय केले जातात. गाडीच्या ब्रेकच्या तारेची फासकी डुकरासाठी लावली जाते आणि तिच्यात बिबट्या अडकतो. खाद्यात दडवलेला गावठी बॉम्ब कुत्र्याच्या किंवा गुराच्या तोंडात फुटतो. सर्वांत घातक म्हणजे वीजवाहिनीवर आकडा टाकून बांधावरच्या तारेत सोडलेला प्रवाह. पहाटे पाणी पाजायला निघालेला शेजारी, कधी खुद्द शेतमालक त्या तारेला चिकटून मरतो. रात्रीच्या चोरट्या शिकारीत झुडपातली हालचाल पाहून सोबत्यालाच गोळी लागते, अशा बातम्याही नव्या नाहीत.

ज्याला शेतकरी ‘झटका मशीन’ म्हणतात ते सौर कुंपण आणि आकड्याची तार यांतील फरक इथे समजून घ्यायला हवा. झटका यंत्रातील दाब काही हजार व्होल्ट असतो. पण साधारण सेकंदाला एकदा आणि तोही सेकंदाच्या अत्यल्प अंशापुरता. स्नायू आकसतात, तेवढ्यात प्रवाह तुटतो आणि प्राणी मागे सरतो. घरगुती वीज २३० व्होल्टचीच असली तरी ती अखंड वाहते. धरलेली तार हातातून सुटत नाही. डुक्कर खालून घुसते, म्हणून सौर कुंपणाची पहिली तार जमिनीपासून वीतभर उंचीवरच हवी आणि तिला गवत टेकता कामा नये, नाहीतर झटका मातीत मुरतो. एकट्याने कुंपण घातले तर कळप शेजाऱ्याकडे वळतो. त्यामुळे दहा-पंधरा शेतकऱ्यांनी मिळून सलग शिवाराला कुंपण घालणे स्वस्तही पडते आणि उपयोगीही. राखणीची पाळीही मग वाटून घेता येते.

नुकसान झालेच तर वनखात्याकडे भरपाईचा अर्ज करता येतो. त्यासाठी जमिनीचा उतारा, नुकसानीची छायाचित्रे आणि पंचनामा लागतो. तोवर शेत नांगरू नये. वन्यप्राण्यांमुळे होणारी हानी खरीप २०२६ पासून पंतप्रधान पीक विमा योजनेत घेण्याचे केंद्राने नोव्हेंबर २०२५ मध्ये जाहीर केले. त्यात नुकसानीची खबर ७२ तासांच्या आत विमा अ‍ॅपवर छायाचित्रांसह देण्याची अट आहे. कोणते प्राणी व कोणते जिल्हे त्यात येतील, ते ठरवण्याचे काम राज्यांकडे आहे.