ब्रेकची डिस्क : लेथवर की भंगारात?

ताशी ऐंशीच्या वेगात ब्रेकवर पाय ठेवला की स्टिअरिंग थरथरते, पायाखाली पेडल धडधडते. गाडी गॅरेजमध्ये गेली की तिथे हमखास दोन मते ऐकू येतात. एक मेकॅनिक म्हणतो, “डिस्क वाकलीय, लेथवर टर्निंग करून घ्या, थोडक्यात भागेल.” दुसरा म्हणतो, “जुन्यावर कशाला खर्च करता? नवीनच टाका.” यातला कोणताही सल्ला बरोबर असू शकतो आणि कोणताही चुकीचा. थरथर हे लक्षण आहे, निदान नव्हे. ताप आला म्हणून कोणी तपासणीशिवाय औषध घेऊ नये. ब्रेकचेही तसेच आहे. आधी मोजमाप, मग उपचार.

ब्रेकचे काम गाडी थांबवणे एवढेच वाटते. प्रत्यक्षात तो गतीचे उष्णतेत रूपांतर करतो. १२०० किलो वजनाची गाडी ताशी ८० किलोमीटर वेगाने धावत असेल तर तिच्यात सुमारे ३ लाख ज्यूल ऊर्जा असते. एवढ्या उष्णतेने लिटरभर साध्या पाण्याला उकळी फुटते. वेग दुप्पट झाला की ही ऊर्जा चौपट होते. बोरघाटात खंडाळ्याहून खोपोलीकडे उतरताना साधारण ५०० मीटर उंची कमी होते. तेवढ्या उतारावर याच गाडीची सुमारे ५९ लाख ज्यूल ऊर्जा मोकळी होते, म्हणजे वीस लिटर पाणी उकळेल इतकी. काही भाग हवेच्या आणि टायरच्या विरोधात खर्ची पडतो. गाडी खालच्या गिअरमध्ये असेल तर इंजिनही बराच भार उचलते. नाहीतर उरलेली सगळी उष्णता ब्रेकच्या वाट्याला येते आणि तिचा मोठा हिस्सा पुढच्या दोन डिस्क सोसतात.

म्हणूनच डिस्कची जाडी महत्त्वाची. कारची डिस्क बहुधा बिडाच्या लोखंडाची असते. हे लोखंड उष्णता चांगली वाहून नेते आणि साठवतेही. ते जितके कमी उरेल तितकी डिस्क लवकर तापते. अति तापली की पॅडची पकड सैल होते. उष्णता ब्रेक ऑइलपर्यंत पोचली तर धोका आणखी वाढतो. नव्या डॉट ३ ऑइलचा उत्कलनबिंदू किमान २०५ अंश सेल्सियस असतो, पण हे ऑइल हवेतली ओल शोषते आणि ओल धरलेल्या ऑइलसाठी मानकातली किमान मर्यादा १४० अंश एवढीच आहे. ऑइल उकळले की नळीत वाफ होते. वाफ दाबली जाते, पेडल थेट तळाला टेकते आणि गाडी थांबत नाही.

डिस्क किती झिजू द्यायची याचा आकडा बहुतेक वेळा डिस्कवरच कोरलेला असतो. तो नसेल तर कंपनीच्या सर्व्हिस पुस्तिकेत मिळतो. समजा, नवी डिस्क २२ मिलिमीटर जाडीची आहे आणि किमान मर्यादा २० आहे. मोजली तेव्हा २०.६ भरली. लेथवर दोन्ही बाजूंनी ०.३ मिलिमीटर काढले की उरतात बरोबर २०, म्हणजे पुढच्या झिजेसाठी काहीच शिल्लक नाही. अशी डिस्क लेथवर चढवण्यात अर्थ नाही, ती बदलावी. तीच २१.५ भरली तर टर्निंगचा विचार करता येतो. मोजताना मायक्रोमीटर वापरावा आणि सात-आठ ठिकाणी मोजावे. साधा व्हर्नियर डिस्कच्या कडेला उरलेल्या न झिजलेल्या कंगोऱ्यावर अडतो आणि जाडी असते त्यापेक्षा जास्त दाखवतो.

“डिस्क वाकली” हे निदानही बहुतेक वेळा अर्धवट असते. अनेकदा डिस्क वाकलेली नसते, तिची जाडी जागोजागी असमान झालेली असते. ०.०२ मिलिमीटरच्या आसपासचा फरकही, म्हणजे माणसाच्या केसाच्या जाडीहून कमी, पायाला जाणवू शकतो. याचे मूळ पुष्कळदा डिस्कच्या मागे, हबवर साचलेल्या गंजात असते. गंजामुळे डिस्क किंचित तिरकी बसते, फिरताना दर फेरीला एकाच जागी पॅडला घासते आणि तिथे झिजते. चाकाचे नट कमी-जास्त आवळले तरी तेच होते. हब साफ न करता डिस्क लेथवर फिरवली किंवा अगदी नवी बसवली, तरी काही हजार किलोमीटरनंतर थरथर परत येते. डायल गेज लावून हे पाच-दहा मिनिटांत तपासता येते.

काही बाबतीत मात्र चर्चेला जागाच नाही. डिस्कला तडा गेला असेल, खोल चर पडले असतील किंवा अति तापून निळसर कठीण चट्टे उमटले असतील, तर ती बदलावीच. बारीक रेघा आणि पावसाळ्यात रात्रीतून चढणारा हलका गंज यांना उपचार लागत नाहीत. गंज चार-दोन ब्रेकमध्ये निघून जातो. टर्निंग असो वा बदल, एका ॲक्सलच्या दोन्ही डिस्कवर एकाच वेळी काम व्हावे, नाहीतर गाडी एका अंगाला ओढते. सोबत पॅडही नवे घालावेत. मोटारसायकल-स्कूटरची डिस्क मुळातच चार-पाच मिलिमीटरची पातळ असते. तिला लेथ नको, मर्यादा ओलांडली की नवी घ्यावी.

या कामात मेकॅनिकची फुप्फुसेही पणाला लागतात. जुन्या ब्रेक लायनिंगमध्ये ॲस्बेस्टॉस असे आणि त्याचे तंतू फुप्फुसांचा कर्करोग घडवतात. आजच्या पॅडच्या धुळीतही धातूचे सूक्ष्म कण असतात. युरोपीय संघाने २०२४ मध्ये स्वीकारलेल्या युरो ७ नियमांत ब्रेकमधून उडणाऱ्या कणांवर प्रथमच मर्यादा घातली आहे. चाक उघडल्यावर हवेच्या दाबाने धूळ उडवण्याची सवय म्हणूनच मोडायला हवी. ओल्या फडक्याने पुसावे आणि तोंडावर चांगला मास्क असावा.

गाडीमालकाने गॅरेजमध्ये तीनच प्रश्न विचारावेत. डिस्कची जाडी किती भरली? किमान मर्यादा किती? हब साफ करून डायल गेज लावला का? उत्तरे आकड्यांत मिळाली, तर लेथ की नवी डिस्क हे त्या आकड्यांवरूनच ठरते. ती मिळत नसतील, तर घाटात उतरण्यापूर्वी गाडी दुसऱ्या गॅरेजमध्ये दाखवावी.